आगर, वाडी, अंगणवाडी

डहाणूहून किनाऱ्याच्या रस्त्याने बोर्डीकडे निघाले की पहिले गाव लागते ते आगर. पुढे नरपड, चिखले, घोलवड आणि बोर्डी. डावीकडे सुरूच्या झाडांमागे समुद्र आणि उजवीकडे वाड्यांचा हिरवा पट्टा. अनोळखी प्रवाशाला 'आगर' ही पाटी एका गावाची वाटते. मराठीच्या विद्यार्थ्याने मात्र तिथे क्षणभर थांबायला हवे. कारण गावाचे नाव होण्यापूर्वी हा शब्द सामान्यनाम आहे. संस्कृत 'आकर' म्हणजे खाण, साठा. त्यापासून आलेला 'आगर' आपण 'गुणांचे आगर' असा ग्रंथांतून वापरतो. किनाऱ्यावर मात्र नारळी-पोफळीची लागवड म्हणजे आगर आणि समुद्राचे पाणी अडवून मीठ पिकवण्याची जागाही आगरच. एकीकडे गोडे पाणी बाहेर जाऊ नये म्हणून बांध घालायचा, दुसरीकडे खारे पाणी आत कोंडावे म्हणून. पीक वेगळे, पण बांध दोन्हीकडे आहे.

'वाडी' या शब्दाचा प्रवासही असाच आहे. त्याचे मूळ संस्कृत 'वाट', 'वाटिका' यांत सापडते, आणि 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा. म्हणजे वाडी ही आधी झाडांनी होत नाही, कुंपणाने होते. या किनाऱ्यावरील वाडवळ समाजाचे नावही वाडीशीच जोडले जाते. केळीची, नागवेलीची आणि नारळाची वाडी राखणारे ते वाडवळ. राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली 'महिकावतीची बखर' याच उत्तर कोकणाची, इथे येऊन वसलेल्या कुळांची. बखरीतल्या कुळांना गावे मिळाली, वतने मिळाली. पण आधीपासून रानात असलेल्या माणसाचा शब्द तिच्यात फारसा ऐकू येत नाही. कुंपणाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न घेऊन या टापूतल्या बागांतून वर्षभर हिंडावे, असे मला गेली काही वर्षे वाटत आले. प्रस्तुत लेख हे त्या हिंडण्याचेच फळ आहे.

ज्येष्ठ-आषाढ : परस

आगरमधील आमच्या घराला दोन गुंठ्यांचे परस आहे. दोन नारळ, एक चिकू, एक पेरू, पपईची झाडे, विहिरीकडेला अळू, तोंडलीचा मांडव, कुंपणाशी जास्वंद आणि अनंत. पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात या जागेत उभे राहण्याइतके सुख क्वचितच असेल. अळूच्या पानांवर थेंब धावतात, अनंताचा वास भिजून जड झालेला असतो आणि तोंडलीचा वेल रात्रीत हातभर पुढे सरकलेला दिसतो. या सुखात माझे विद्वत्तेचे खोडही मध्येमध्ये येते. पेरू, पपई, मांडवाखालची मिरची आणि चिकू ही सारी मंडळी मुळात अमेरिका खंडातली, समुद्रावरून आलेली. ज्या परसाला आपण 'अस्सल कोकणी' म्हणून मिरवतो, त्यातली निम्मी झाडे पाचशे वर्षांपूर्वी इथल्या कोणी पाहिलेलीही नव्हती. झाडांना कुंपण ओलांडणे माणसांपेक्षा सोपे गेले, असे म्हणावे लागेल.

या परसात मी शिकलेला पहिला धडा मात्र पुस्तकातला नव्हता. पहिल्याच पावसाळ्यात मोठ्या उत्साहाने मी सारे तण उपटून एका कोपऱ्यात ढीग घातला. बागेत मदतीला येणाऱ्या वारली मावशी सकाळी आल्या, ढिगापाशी बसल्या आणि त्यातून निवडून निवडून पदरात भरू लागल्या. मी विचारले तेव्हा हसून म्हणाल्या, "बाई, ही भाजी हाय." टाकळा होता, कुर्डू होती. मी ज्याला तण म्हणत होते ते त्यांच्या घरचे संध्याकाळचे जेवण होते. पुढे त्यांच्याकडूनच कळले की रानातली पावसाळ्याची पहिली कोळीची भाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नसते. ज्या भाजीची लागवड कोणी केली नाही, तिच्यावर आपला हक्क आहे असे न मानणारी ही रीत. आमच्या फळबागांच्या शास्त्रात तिला समांतर असे काही मला आढळलेले नाही.

'तण' आणि 'भाजी' हे शब्द कोण उच्चारतो यावर वनस्पतीचे भवितव्य ठरते. बागेचा इतिहास लिहिताना आपण बहुधा कुंपणाच्या आतल्या माणसाचा शब्दकोश वापरतो, हे मला त्या ढिगापाशी प्रथम जाणवले.

आश्विन : गवत

नवरात्राच्या सुमारास परसातला चिखल वाळतो आणि पाय पूर्वेकडे वळतात. रेल्वेचे रूळ ओलांडून, महामार्ग मागे टाकून तलासरीच्या बाजूला गेले की वाड्या संपतात आणि डोंगरउतारांवर गवत सुरू होते. पुरुषभर उंचीचे, वाऱ्यावर लवणारे, उन्हात पिवळे पडत चाललेले. पाहुण्याला ते सुंदर दिसते आणि ते सुंदर आहेही. परंतु गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) वाचलेल्या माणसाला या गवताकडे निव्वळ सौंदर्य म्हणून पाहता येत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथली बहुतेक जमीन जमीनदार-सावकारांच्या हाती गेली होती आणि त्या जमिनीचा मूळचा कसणारा वारली तिच्यावर कूळ किंवा वेठीचा गडी म्हणून राबत होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायको दोघेही मालकाकडे बांधले जात; त्यांना 'लग्नगडी' असे नाव होते. मराठीतील मंगल शब्दाला जोडलेला इतका अमंगल शब्द दुसरा नसेल. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठबिगार करायची नाही असा निर्धार झाला. त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी, असे पाच जण मरण पावले.

हे गवत व्यापाऱ्यांमार्फत मुंबईला जात असे, तिथल्या जनावरांसाठी. म्हणजे ज्याला आपण पडीक माळ समजतो तीही एक प्रकारची वाडीच होती. तिचे कुंपण काट्यांचे नव्हते, कर्जाच्या कागदांचे होते. परुळेकरांच्या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि ते अभ्यासक्रमांतही आले. वर्गात ते शिकवताना 'आत्मकथन की वृत्तान्त' या वाङ्मयप्रकाराच्या चर्चेत आपण तासिका संपवतो. आश्विनात एकदा विद्यार्थ्यांना घेऊन या गवतात उभे राहावे, म्हणजे त्या पुस्तकाला कोणत्या प्रकारात बसवायचे हा प्रश्न आपोआप दुय्यम होतो.

मार्गशीर्ष-पौष : चिकूची वाडी

थंडी पडली की घोलवड-बोर्डीच्या वाड्या पाहाव्यात. चिकूचे झाड बारमाही हिरवे. फांद्या जमिनीला टेकू पाहणाऱ्या, खाली भर दुपारी गार काळोख. लांब बांबूच्या टोकाला जाळी बांधून एकेक फळ अलगद उतरवले जाते. मग ते धुवून, त्यावरचा तपकिरी कोंडा काढून, निवडून खोक्यांत भरतात. 'कालीपत्ती' ही इथली लाडकी जात. फलोद्यानाच्या पाठ्यपुस्तकांतून भारतातील चिकूच्या लागवडीचा आरंभ घोलवडला १८९८ साली झाला असे सांगितले जाते. २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. मध्य अमेरिकेतल्या झाडाला सव्वाशे वर्षांत डहाणूचा अधिकृत नागरिक होता आले.

शब्दाची गंमत अशी की 'चिकू' आपल्याला 'चीक' या शब्दाचा भाऊ वाटतो, कारण कच्चे फळ तोडले की चीक येतोच. प्रत्यक्षात तो मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतून, स्पॅनिश 'चिकोसापोते'च्या वाटेने आलेला आहे. त्या झाडाच्या चिकापासूनच तिकडे चघळायचा डिंक करत. अर्थाने जवळचे आणि कुळाने परके असे हे शब्द एकमेकांना मराठीत येऊन भेटले.

या वाड्यांपैकी अनेक इराणी झरथुष्ट्री कुटुंबांनी उभ्या केल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर इराणातील हालअपेष्टांतून सुटून ही माणसे इकडे आली. त्यांतली पुष्कळशी रिकाम्या हातांनी आली होती. त्यांच्या पूर्वसुरी पारशांचे संजाण इथून जवळच, आणि संजाण पडल्यावर पवित्र अग्नी ज्या बाहरोटच्या डोंगरात लपवून ठेवला गेला, तो डोंगरही याच परिसरात. त्यांच्या अवेस्ता भाषेत 'पइरिदएझ' असा शब्द आहे. 'पइरि' म्हणजे आपला 'परि', भोवती. 'दएझ' म्हणजे रचलेली भिंत, आपल्या 'दिह्' धातूचा आप्त. भिंतीने वेढलेली जागा असा त्याचा अर्थ. ग्रीकांनी इराणी राजांच्या उद्यानांसाठी तो उचलला आणि पुढे युरोपीय भाषांत तो स्वर्गवाचक झाला. 'वाडी' आणि 'स्वर्ग' या दोन्ही शब्दांच्या मुळाशी कुंपणच निघावे, हा योगायोग मला विचार करण्याजोगा वाटतो.

मात्र वाडीचे सर्वांत बोलके सत्य कलमाच्या सांध्यापाशी असते. चिकूचे कलम खिरणीच्या रोपावर बांधतात. इकडे खिरणीला रायण म्हणतात. खिरणी ही या मातीतली, हळू वाढणारी, चिवट. तिचे रोप कलमाजोगे व्हायलाच दोनेक वर्षे जातात. जुनी पद्धत 'भेटकलमा'ची. दोन्ही झाडे आपापल्या मुळांवर उभी असतानाच त्यांच्या फांद्या तासून एकमेकींना भेटवायच्या, बांधायच्या आणि जीव एक झाला की वेगळ्या करायच्या. पुढे त्या सांध्याखाली खिरणीला फूट आली तर ती तत्काळ काढून टाकावी लागते, नाहीतर ती चिकूला मारक ठरते. बागाईतदार ही गोष्ट सहज सांगतात, आणि बागेच्या दृष्टीने ती योग्यच आहे. पण वाडीत फळे उतरवणारे, आळी करणारे, खोकी उचलणारे हात बहुतांशी आदिवासींचे आहेत हे दिसल्यावर सांध्याखालची ती छाटलेली फूट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. इराणी बागाईतदाराला खलनायक ठरवणे सोपे आहे आणि ते अन्यायाचेही आहे. निर्वासिताने परक्या भूमीत घाम गाळून उभी केलेली ही बाग आहे. पण ज्या मुळांवर ती उभी आहे त्यांची नोंद कोणत्या दप्तरात आहे, हे विचारणेही इतिहासकाराचे काम आहे.

मराठी गद्यात झाडाच्या मालकीविषयीची एक फार सुंदर जाण अठराव्या शतकाच्या आरंभीच दिसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी लिहिताना रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये असे बजावले आहे. रयतेने ती झाडे पोटच्या लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती बळाने तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही, असा त्यामागचा विचार. झाड म्हणजे लेकरू ही उपमा आपण इथे लक्षात ठेवू. पुढे ती उलटी होऊन येणार आहे.

वैशाख : चौक

उन्हाळ्यात बागा पाहायला कोणी जात नाही. विहिरीचे पाणी खाली जाते, पाने धुळकट होतात. पण याच दिवसांत वारली पाड्यांवर लग्ने असतात आणि घराच्या आतल्या भिंतीवर एक बाग फुलते. गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकोनी चौकटीला नक्षीच्या किनारी आणि मध्ये पालघट देवी. पाला आणि घट, पालवीने भरून वाहणारा घट, अशी तिच्या नावाची फोड केली जाते. ती वनस्पतींची, सुफलतेची देवता. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. लग्नाची गाणी आणि विधी धवलेरी ही स्त्री सांभाळते. चौकटीबाहेर झाडे, पक्षी, ताडावर चढणारी माणसे.

१९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी त्यांना जगभर नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. बायकांनी लग्नापुरते लिहावे आणि मग धुराने पुसट होऊ द्यावे अशी ही चित्रे आता शहरांतल्या दिवाणखान्यांत कायमची टांगली जातात. इथेही एक कुंपणच आहे, किनारीचे. पण त्यात देवीला कोंडलेले नसते. तिला बसायला जागा करून दिलेली असते आणि लग्न झाले की ती जागा पुन्हा भिंतीला परत मिळते. 'वाटिके'चा असा अर्थ आमच्या कोशांत नाही.

पुन्हा ज्येष्ठ : अंगण

जूनमध्ये पाऊस येतो आणि शाळा उघडतात. ज्या १९४५ साली झरी आणि तलवाडा घडले, त्याच साली तिथून फार दूर नसलेल्या बोर्डीत ताराबाई मोडकांनी ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या मदतीला आल्या. फ्रेडरिक फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या शिशुशाळेला 'मुलांची बाग' अशा अर्थाचे जर्मन नाव दिले होते. 'बालवाडी' हा शब्द त्याच कल्पनेला मराठी मातीत रुजवतो. अमात्यांनी झाडाला लेकरू म्हटले, फ्रोबेलने लेकराला झाड म्हटले. बोर्डीच्या बालवाडीतही ही रोपटी गोळा होऊ लागली. पण लवकरच ध्यानात आले की या वाडीलाही कुंपण आहे. दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले येतच नव्हती.

त्यावर ताराबाई-अनुताईंनी जे केले ते शिक्षणाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. माझ्या मते ते बागेच्या इतिहासातही नोंदले जायला हवे. मुले वाडीत येत नाहीत तर वाडी मुलांच्या अंगणात न्यायची. तिथेच त्यांना आंघोळ घालायची, तिथेच गाणी म्हणायची. माँटेसोरीच्या महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे आले. त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द घडला. पुढे १९५० च्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात जाऊ लागली. तिला 'कुरणशाळा' म्हणत. ज्या गवतासाठी १९४५ साली माणसे मेली, त्याच गवतात आता मुळाक्षरे गिरवली जाऊ लागली. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने 'अंगणवाडी' हा शब्द देशभर नेला. आज तो इतका सरकारी झाला आहे की त्यातली वाडी कोणाला दिसत नाही. 'अंगण' म्हणजे मोकळी जागा, 'वाडी' म्हणजे वेढलेली. परस्परविरोधी अशा या दोन शब्दांची भेट बोर्डीत झाली. तेही एक भेटकलमच, आणि इथे सांध्याखालची फूट छाटायची नव्हती, तीच वाढवायची होती.

इंग्लंडमध्ये १९२७ साली खासगी बागांची दारे एका शिलिंगात लोकांना उघडण्याची योजना सुरू झाली. पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या आणि जमलेला पैसा गावोगाव फिरणाऱ्या परिचारिकांसाठी खर्च झाला. आपल्याकडेही आता वाड्यांची दारे उघडत आहेत. बोर्डीला २०१३ पासून चिकू महोत्सव भरू लागला, वाड्यांतून पाहुण्यांच्या राहण्याची सोय झाली. हे चांगलेच आहे, कारण पाहिलेल्या बागेविषयी माणसाला आस्था वाटते, आणि या बागांना आस्थेची आता मोठी गरज आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले, आणि त्याने १९९८ साली वाढवण बंदराला नकार दिला. कायद्याने घातलेले हे कुंपण होते, आणि मच्छीमार, डायमेकर, बागाईतदार, आदिवासी असे सगळेच प्रथमच एका कुंपणाच्या आत होते. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये बंदराला सशर्त संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. विकास नको असे म्हणण्याचा अधिकार परसात बसून चहा पिणाऱ्या प्राध्यापिकेला नाही, याची मला जाणीव आहे. पण अमात्यांची ती सूचना, झाड तोडण्यापूर्वी लेकरासारखे वाढवणाऱ्याला विचारावे ही, तीनशे वर्षांनंतरही जुनी झालेली नाही.

गेल्या वर्षी मी परसात दोन बदल केले. विहिरीपलीकडचा पट्टा खुरपायचा बंद केला. तिथे पावसाळ्यात जे उगवते ते मावशी नेतात, थोडे आम्हाला शिजवायला ठेवतात. टाकळ्याची भाजी मला आता करता येते. आणि कुंपणाशी खिरणीचे एक रोप लावले, कलमासाठी नव्हे. ते फार हळू वाढते आहे. या ज्येष्ठात त्याला चार नवी पाने आली.